डिस्क रिकामी नव्हती

माझा नवरा गेला त्या सकाळी त्यानं घरच्या कॉम्प्युटरवर सिस्टीमची नवी आवृत्ती चढवायला घेतली होती. कामाला वेळ लागणार होता, म्हणून ते सुरू करून तो रोजच्यासारखा फिरायला निघाला. दारात चप्पल घालताना म्हणाला, "मी येईस्तोवर होऊन जाईल. बंद करू नकोस." मी स्वयंपाकघरातून "बरं" म्हटलं.

काशीतल्या आमच्या पंचगंगा घाटावर उतरायचं, काठाकाठानं शिंदे घाटापर्यंत जायचं आणि परत यायचं, हा त्याचा नेम होता. त्या दिवशी तो शिंदे घाटाच्या पायऱ्यांवर बसला आणि उठला नाही. ओळखीच्या नावाड्यांनी त्याला नावेत घातलं, जिथवर गाडी येते तिथवर नेलं, पण दवाखान्यात डॉक्टरांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं. संध्याकाळी आम्ही त्याला घेऊन पुन्हा त्याच बाजूला गेलो. मणिकर्णिकेचं स्मशान शिंदे घाटाला लागूनच आहे.

त्या दिवसांत कॉम्प्युटरकडे कोण पाहणार? तो खोलीच्या कोपऱ्यात चालू होता. त्याच दिवशी केव्हातरी वीज गेली, मग त्याला जोडलेली यूपीएसची बॅटरीही संपली आणि काम अर्ध्यावर राहून यंत्र बंद पडलं. हे सगळं मला पुष्कळ नंतर उमगलं. तेव्हा मी फक्त त्यावर एक जुनी चादर घातली होती.

आमचं घर मंगला गौरीच्या देवळाजवळच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. माझे सासरे, ज्यांना मी बाबा म्हणते, एका संस्कृत पाठशाळेत आयुष्यभर शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या आजोबांच्याही आधीपासून हे कुटुंब काशीत आहे. मी मिरजेची. लग्न होऊन आले तेव्हा इथलं मराठी ऐकून मी बुचकळ्यात पडायची. पहिल्याच आठवड्यात सासूबाई गल्लीत खेळणाऱ्या पोरांना ओरडल्या, "हल्ला करू नका रे!" मी धावत खिडकीशी गेले, कोण कोणावर धावून गेलंय ते बघायला. पोरं नुसती आरडाओरडा करत होती. हल्ला म्हणजे गोंगाट, हे मला माझ्या नवऱ्यानं हसत हसत समजावलं. पुढे एका नातेवाइकांनी "आम्ही मुलाला उत्तम शिक्षा दिली" असं अभिमानानं सांगितलं, तेव्हा मी गप्प राहायला शिकले होते. शिक्षा म्हणजे इथे शिक्षण.

पुढे सासूबाई गेल्या. बाबा निवृत्त झाल्यावर त्यांनी काशीतल्या मराठी घरांची बोली गोळा करायला घेतली. घाटांच्या आसपासची जुनी घरं रिकामी होत होती, मुलं बाहेर जात होती, राहिलेली आपसांत हिंदीतच बोलत होती. कोण कशाला काय म्हणायचं, कुठल्या सणाला कुठलं वाक्य ठरलेलं असायचं, हे सगळं बाबांच्या डोक्यात होतं. बाबा सांगायचे आणि मुलगा लिहायचा. माझा नवरा विद्यापीठात नोकरीला होता. कचेरीतून आला, हातपाय धुतले, चहा घेतला, की दोघं कॉम्प्युटरसमोर बसत. मग भांडण सुरू होई.

भांडण नेहमीचंच. बाबांना जुने, शुद्ध शब्द हवे असायचे. मुलाचं म्हणणं, घरात जे बोललं जातं ते सगळं यायला हवं.

"छत हा शब्द काट. आपल्याकडे गच्ची म्हणत."

"बाबा, काल तुम्हीच म्हणालात, छतावर पापड टाकलेत, माकडांकडे लक्ष ठेवा."

"ते बोलण्याच्या ओघात आलं असेल."

"मग ओघातलंच लिहितोय मी."

स्वयंपाकघरात मला हे रोज ऐकू यायचं. दोघांचा आवाज चढला की मी कुकर लावायची.

तो गेल्यावर ते थांबलं. बाबांनी त्याविषयी एक अक्षर काढलं नाही. सकाळी पूजा, दुपारी वाचन, संध्याकाळी खिडकीपाशी बसणं. ऐंशीच्या घरातला माणूस, मुलाला अग्नी देऊन आलेला. त्यांना काय विचारायचं? मीही शाळेत जात होते, मुलींना भूगोल शिकवत होते, घरी येऊन दोघांपुरता स्वयंपाक करत होते. जेवताना आम्ही भाजीबद्दल बोलायचो.

वर्षश्राद्ध झालं. त्यानंतर काही दिवसांनी, जेवण झाल्यावर, बाबा हात धुऊन परत आले आणि पाटावर न बसता उभेच राहिले.

"सूनबाई, तुला टाइप करता येतं ना?"

"येतं की. शाळेचे पेपर मीच करते."

"मग पुढचं सांगेन म्हणतो. अर्ध्यात सोडलेलं बरं नाही."

मी चादर काढली. धूळ पुसली, बटण दाबलं. पंख्याचा आवाज आला, काळ्या पडद्यावर पांढऱ्या इंग्रजी ओळी भराभर वर सरकल्या आणि एका ओळीवर थांबल्या. पुन्हा बंद करून पुन्हा लावला. पुन्हा तीच ओळ. बाबा मागे उभे होते. मी म्हटलं, "दुकानात दाखवून आणते."

चौकाकडच्या एका दुकानात मी तो खोका रिक्षातून नेला. दुकानदारानं आतली डिस्क काढली, स्वतःच्या कॉम्प्युटरला जोडली आणि पडदा माझ्याकडे फिरवला. त्याच्या यंत्रावर माझ्या डिस्कचा ना सी ड्राइव्ह दिसत होता ना डी.

"इसमें कुछ है ही नहीं, मैडम. खाली है. फॉरमेट करके नया डाल दें? शाम तक मिल जाएगा."

मी विचारलं, "यात खूप लिहिलेलं होतं. बरीच वर्षांचं काम होतं."

"होगा. अब नहीं है. बिजली-विजली गई होगी, सब उड़ गया."

तो उद्धटपणे बोलला नाही. त्याला जे दिसत होतं ते तो सांगत होता. त्याचा हात माउसवर होता, मी मान हलवली असती तर त्यानं काम सुरू केलं असतं. मी का थांबवलं ते मला आजही नीट सांगता येणार नाही. एवढंच वाटलं, की बाबांना विचारल्याशिवाय हे करू नये. "आज रहने दीजिए," म्हटलं, डिस्क परत आत बसवून घेतली आणि घरी आले.

बाबांना सांगावं लागलं. ते खिडकीपाशी होते. मी म्हटलं, "दुकानदार म्हणतो, आत काही राहिलेलं नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "ठीक आहे. माणूस गेला, तिथे त्याचं लिहिलेलं कशाला उरेल?" मग उठले, आपल्या खोलीत गेले आणि दाराला आतून कडी लावली. बाबा कडी कधीच लावत नसत. त्या रात्री ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी माझ्या नणंदेचा फोन आला. त्या माझ्या नवऱ्याहून मोठ्या, इंदूरला एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात आहेत. मी त्यांना ताई म्हणते. भावाला त्या शेवटचं पाहू शकल्या नव्हत्या. गाडी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्या वर्षभरात आमचं बोलणं होई ते बाबांच्या औषधांबद्दल. मी सहज म्हणून दुकानाची हकिगत सांगितली, आणि त्यांनी मला मध्येच थांबवलं.

"वहिनी, दुकानदाराचा कॉम्प्युटर कुठला होता? विंडोज?"

"असेल. मला काय कळतंय."

"आणि आपल्या घरी काय होतं? विंडोज नव्हतं ना? लिनक्स होतं. त्यानंच टाकलं होतं, बाबांच्या देवनागरीसाठी. मला फोन करकरून विचारत होता तेव्हा." त्यांचा आवाज बदलला होता. "अगं, विंडोजला त्या डिस्कवरची मांडणी वाचताच येत नाही. त्याला ती रिकामीच वाटणार. फॉरमॅट केलं नाहीस ना? खरं सांग."

"नाही केलं."

"हात लावू नकोस कशाला. रविवारी मी दिवसभर फोनवर बसते."

मी बाबांच्या खोलीत गेले आणि ताई जे बोलल्या ते जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे मोडी न येणाऱ्या माणसापुढे पेशव्यांचा कागद धरावा, आणि त्यानं म्हणावं, यावर नुसत्या रेघोट्या आहेत."

"तसंच काहीतरी."

"मग वाचणारा पाहिजे," बाबा म्हणाले. त्या दिवशी ते जेवायला आले.

ताईंनी सांगितल्याप्रमाणे मी शाळेच्या लॅपटॉपवर नवी सिस्टीम उतरवून घेतली आणि पेनड्राइव्हवर चढवली. डिस्कची नक्कल ठेवायला एक वेगळी बाहेरची डिस्कही आणली. ताईंची सक्त ताकीद होती: आधी नक्कल, मग बाकी सगळं.

रविवारी सकाळी बाबांनी पूजा लवकर उरकली आणि माझ्याशेजारी खुर्ची घेऊन बसले. मी फोन अशा बेतानं टेकवला की ताईंना पडदा दिसावा. पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू झालं. रंगीत पडदा आला. ताई म्हणाल्या, "आत्ता हे डिस्कवर काही लिहीत नाहीये. पेनड्राइव्हवरच चालतंय. आता डिस्क दाखवणारा प्रोग्राम उघड."

तो उघडला आणि पडद्यावर एक लांब आडवी पट्टी दिसली, तुकड्या-तुकड्यांची. सुरुवातीला एक अगदी चिंचोळा तुकडा, मग एक मध्यम, मग एक खूप मोठा, शेवटी पुन्हा एक लहान.

"आहे!" ताई म्हणाल्या. "सगळं आहे. दिसलं का?"

मला चार तुकडे दिसत होते. त्यात काय आहे ते दिसत नव्हतं. बाबांनी चष्मा सारखा केला. "हे काय आहे, ते आधी सांग. कळल्याशिवाय पुढे जायचं नाही." पाठशाळेतही त्यांची हीच रीत होती. अर्थ सांगितल्याशिवाय ते मुलांना पुढचा मंत्र देत नसत.

ताईंनी मग समजावलं. डिस्क एकच असते, पण तिचे भाग पाडता येतात. एका भागात काही बिघडलं, पुसलं, तरी दुसऱ्याला धक्का लागत नाही. कुठला भाग कुठून कुठपर्यंत आहे, याची नोंद डिस्कवरच एका जागी ठेवलेली असते. जुन्या पद्धतीत ही नोंद डिस्कच्या अगदी सुरुवातीला असे, आणि मुख्य भाग चारच करता येत. जास्त हवे असले तर एका भागाच्या पोटात आणखी भाग घालावे लागत. सुरुवातीची ती नोंद खराब झाली, की यंत्राला काही सापडत नसे. नव्या पद्धतीत भाग हवे तेवढे करता येतात, आणि नोंदीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते.

"आपली नवी आहे," ताई म्हणाल्या. "वर लिहिलंय बघ, जीपीटी."

बाबांनी विचारलं, "आणि हा चिंचोळा?"

"तो यंत्र सुरू करण्यापुरता. कुठून उठायचं हे त्यात लिहिलेलं असतं. शेवटचा लहान आहे तो मेमरी कमी पडली तर वापरायला. तो मध्यम तुकडा आहे ना, ती सिस्टीम. ती मोडली आहे. त्या दिवशी काम अर्ध्यावर राहिलं ना..." ताई थांबल्या. त्या दिवसाचं नाव आमच्यापैकी कोणी घेत नसे.

बाबांनीच पुढे विचारलं. "आणि मोठा?"

"मोठा म्हणजे तुमचं काम, बाबा. त्याचं नाव होम आहे. त्यानं तो वेगळा ठेवला होता. बहुतेक लोक ठेवत नाहीत, सगळं एकाच तुकड्यात टाकतात. मी तेव्हा त्याला म्हटलं होतं, घरच्या कॉम्प्युटरला एवढं कशाला? तो म्हणाला, सिस्टीम बदलत राहील, बाबांचं लिहिलेलं बदलायला नको."

खाली गल्लीत देवळाची घंटा वाजली, कुणीतरी मोटारसायकल रेटत गेलं. बाबांनी बोट पुढे केलं आणि पडद्यावरच्या त्या मोठ्या तुकड्यावर टेकवलं, जरा वेळ तसंच ठेवलं. पडद्यावर बोटाचा ठसा उमटला. मी तो पुसला नाही.

आधी नक्कल. यंत्र मला तो होमचा भाग उघडू देईना, परवानगी नाही म्हणे. ताईंनी एक ओळ सांगितली, ती मी अक्षर-अक्षर टाइप केली आणि नक्कल सुरू झाली. फायलींची नावं सरकू लागली. त्यात बाबांचं काम होतं, विद्यापीठातलं होतं, आमच्या सहलींचे फोटो होते. मी वाचायचं टाळलं. मध्येच दिवे गेले. पण बॅटरी नवी घालून घेतली होती, तिनं धरून ठेवलं. बाबांनी श्वास सोडल्याचं मला ऐकू आलं. दुपार सरेपर्यंत ते काम चाललं. मधल्या वेळात मी खिचडी टाकली आणि आम्ही दोघांनी पडद्यासमोरच खाल्ली.

मग खरी गोष्ट. नवी सिस्टीम चढवण्याचा प्रोग्राम मी सुरू केला. भाषा विचारली, कळफलक विचारला, आणि पुढच्या पानावर त्यानं विचारलं, कुठे चढवू? पहिलाच पर्याय होता, संपूर्ण डिस्क पुसून चढवा. त्याच्यासमोरचा ठिपका आधीच भरलेला होता.

"पुढे दाबू नकोस!" ताई फोनमधून ओरडल्या.

"दाबत नाहीये."

"त्याला वाटतं, लोकांना सोपं हवं असतं. खाली बघ, स्वतः भाग निवडायचा पर्याय आहे. तो घे."

तो घेतला. पुन्हा ते चार तुकडे, पण आता यादीच्या रूपात, आणि प्रत्येकापुढे एक चौकोन: फॉरमॅट करायचं का? ताई सांगत गेल्या आणि मी प्रत्येक गोष्ट बाबांना मराठीत सांगत गेले. चिंचोळा भाग तसाच वापरायचा, पुसायचा नाही. मध्यम भाग सिस्टीमसाठी, तो पुसायचा, चौकोनात खूण. शेवटचा तसाच. मोठा भाग पुन्हा होम म्हणूनच जोडायचा.

"आणि चौकोन?" बाबांनी विचारलं.

"मोकळा, बाबा," ताई म्हणाल्या. "तो मोकळाच राहायला हवा."

मी यादी वरून खाली पाहिली. मग खालून वर. बाबा म्हणाले, "वाचून दाखव." मी वाचलं. ते म्हणाले, "पुन्हा." मी पुन्हा वाचलं. बाहेरच्या डिस्कवर नक्कल होती, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी पुढे जा म्हणणारं बटण दाबण्याआधी मी यादी मनात आणखी एकदा वाचली. यंत्रानं शेवटचं विचारलं: हे बदल डिस्कवर लिहिले जातील, मागे घेता येणार नाहीत. त्यात पुसल्या जाणाऱ्या भागाचं नाव होतं. फक्त मध्यम भागाचं.

"लिही," बाबा म्हणाले. कोणाला म्हणाले, मला की यंत्राला, कोण जाणे. मी दाबलं.

फायली चढत असताना त्यानं पुढचं पान उघडलं. तुमचं नाव काय?

मी माझं नाव टाइप करायला घेतलं आणि ताई म्हणाल्या, "वहिनी, थांब." मग जरा घुटमळून म्हणाल्या, "तिथे त्याचं नाव घालावं लागेल. मोठ्या भागात त्याच्या नावाची खोली आहे. तू दुसरं नाव घातलंस तर यंत्र नवी खोली करेल. जुनी तिथेच राहील, हरवणार नाही, पण तू तिच्या बाहेर राहशील."

मी हात मांडीवर घेतले. वर्षभरात मी त्याचं नाव किती ठिकाणी खोडलं होतं. बँकेत, गॅसच्या पुस्तकात, शिधापत्रिकेवर. प्रत्येक कचेरीत कोणीतरी त्याच्यावर रेघ मारून माझं घालायचं, आणि मी खाली सही करायची. आता एक यंत्र विचारत होतं, तू कोण, आणि मला त्याचं नाव सांगायचं होतं.

बाबा माझ्याकडे बघत नव्हते. ते हळूच म्हणाले, "मी सांगू का अक्षरं?"

"नको बाबा. येतं मला."

मी टाइप केलं. तो कॉम्प्युटरवर घ्यायचा ते छोटं नाव, लहान इंग्रजी अक्षरांत. पलीकडे ताई रडत होत्या. आवाज येऊ नये म्हणून त्यांनी फोन दूर धरला असावा, पण फोनच्या पडद्यावर त्यांच्या खोलीचं छत दिसत होतं आणि हुंदके ऐकू येत होते. बाबांनी फोन आपल्या हातात घेतला. "रड," ते लेकीला म्हणाले. "तुला रडायला मिळालंच नाही." आपल्या मुलीशी त्यांना इतक्या मऊ आवाजात बोलताना मी आधी कधी ऐकलं नव्हतं. मी उठून चहा टाकायला गेले. दोघांना थोडा वेळ हवा होता, आणि मलाही.

परत आले तेव्हा काम संपलं होतं. पेनड्राइव्ह काढला, यंत्र बंद करून पुन्हा लावलं. पांढऱ्या ओळी आल्याच नाहीत. त्याचं नाव आलं, खाली संकेतशब्द विचारला. तो मी नवा घातला होता. मग पडदा उजळला आणि त्यानं मागे लावलेला फोटो आला, पंचगंगा घाटावरचा, कार्तिकात बांबूंवर टांगलेले आकाशदिवे. सगळ्या फायली त्यानं ठेवल्या होत्या तिथेच होत्या. काही पसारा, काही नीट.

बाबांच्या शब्दांची फाइल मी उघडली. ती शेवटच्या पानाशी नेली. शेवटची नोंद होती:

कुंडी: दाराची कडी. "दाराला कुंडी लाव." बाबा म्हणतात, काढून टाक. ठेवतोय. उद्या पुन्हा भांडू.

मी ते मोठ्यानं वाचलं नव्हतं. पण बाबा वाकून वाचत होते. त्यांचे ओठ हलत होते. एकदा वाचलं, चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, घातला, पुन्हा वाचलं. मला वाटलं आता ते उठून आत जातील.

"मूर्ख आहे," ते म्हणाले. आवाज फाटका होता. "कुंडी हा शब्द आमच्या घरात कोणी वापरत नसे. माझी आई कडी म्हणायची. बाहेरच्या बायकांकडून आला हा. किती वेळा सांगितलं त्याला. ऐकायचं म्हणून नाही."

"हो," मी म्हटलं.

"हो काय? तू तरी सांग. कुंडीत तुळस लावतात की कुंडी दाराला लावतात?"

"आमच्याकडे तुळस लावतात."

"बघ!" ते जवळजवळ ओरडले. वर्षभरात पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला होता. फोनमध्ये ताई दचकल्या. आणि मग बाबांचा चेहरा एकदम पडला. तिथे बसून, संध्याकाळच्या उजेडात, ते रडले. मुलाला अग्नी देतानाही न रडलेला माणूस. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. सुनेनं सासऱ्याच्या पाठीवर हात ठेवण्याची आमच्या घरात रीत नव्हती. त्यांनी तो झटकला नाही.

बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "काटू नकोस. त्याचं आहे ते राहू दे. त्याच्याखाली माझं लिही. लिही, वडिलांचं मत वेगळं आहे."

मी लिहिलं. ते त्यांनी वाचून पाहिलं आणि म्हणाले, "स्वल्पविराम हवा."

तेव्हापासून आम्ही संध्याकाळी बसतो. मी त्याच्याइतकी भांडत नाही, त्यामुळे काम भराभर होतं आणि बाबांना ते फारसं आवडत नाही. "तू लगेच मान्य करतेस," अशी त्यांची तक्रार असते. मग मी मुद्दाम एखाद्या शब्दाला अडून बसते. त्यानं लिहिलेल्या नोंदींपैकी एकही आम्ही काढलेली नाही. काही ठिकाणी त्याच्याखाली बाबांचं मत आहे, काही ठिकाणी ते विचार करून म्हणतात, "इथे त्याचं बरोबर होतं, माझं नको लिहूस."

दिवाळीत ताई आल्या. येताना नक्कल ठेवायला आणखी एक डिस्क घेऊन आल्या, ती आता इंदूरला त्यांच्या कपाटात असते. पाडव्याच्या सकाळी त्या एकट्याच शिंदे घाटावर जाऊन आल्या. कुठल्या पायरीवर, एवढंच त्यांनी मला विचारलं होतं. मी सांगितलं. दुपारी त्या बापाच्या शेजारी बसून टाइप करत होत्या.

थंडीत बाबांना छातीचा त्रास झाला. आता ते जिना उतरत नाहीत, बोलताना मध्ये मध्ये थांबावं लागतं. त्यामुळे हल्ली माणसंच आमच्याकडे येतात. कुणाला कुठून कळतं, पण येतात. परवा ब्रह्मा घाटाजवळच्या एक आजी आल्या, नातवाचा हात धरून, दर मजल्यावर टेकत. त्यांच्या घरात आता मराठी बोलणाऱ्या त्या एकट्याच राहिल्या आहेत. सून इथल्याच हिंदी घरातली, मुलं हिंदी बोलतात. मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. दम खाल्ल्यावर त्यांनी जे बोलायला सुरुवात केली ते थांबेना. चुलीजवळचे शब्द, सुतकातले शब्द, लेकी सासरी जाताना म्हणायचं एक वाक्य. बोलता बोलता त्यांचे डोळे भरून येत होते, कारण हे त्या मोठ्यानं कित्येक वर्षांत बोलल्या नव्हत्या.

बाबांनी पलंगावरून हात वर केला.

"वहिनी, जरा हळू," ते आजींना म्हणाले. "ती लिहून घेते आहे."